धुण्यात टाकायचा दिवा

शिवणबाईंच्या हातात कुठलीही नवी वस्तू दिली की त्या आधी ती धूत, आणि मग मत देत. साडी, सतरंजी, दप्तर, छत्री हे तर झालंच. पण कुणी परदेशातून आलेली पर्स कौतुकानं दाखवायला आणली, तरी बाई ती उलटीपालटी करत मागच्या दाराकडं चालू लागत आणि पर्सवालीला त्यांच्यामागं पळावं लागे. त्यांच्या मुलीला स्थळ आलं तेव्हा त्यांनी म्हणे मुलाकडच्यांना त्याचा एक वापरातला शर्ट मागितला होता. ही गोष्ट खरी नसावी. पण लातुरात ती मी ज्याला ज्याला सांगितली, त्यातला एकही "छे, असं कसं होईल?" म्हणाला नाही.

बाई मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायच्या. वार्षिक परीक्षेला त्यांच्या टेबलाशेजारी पाण्यानं भरलेली बादली असे. मुलींनी वर्षभर खपून भरलेले रुमाल, त्यावरचे मोर, हरणं, गुलाब, सगळं बाई हसतमुखानं हातात घेत. "छान झालाय हं मोर," म्हणत, आणि बादलीत बुडवून तो साबणानं चांगला खसाखसा चोळत. बाहेर आला तेव्हाही जो मोरच होता, त्याला मार्क. ज्याची कोंबडी झाली होती, ती मुलगी नापास. एखादीला रडू फुटलं तर पदरानं तिचे डोळे पुसून म्हणायच्या, "रडू नको गं. कोरड्यात सगळेच हुशार असतात. पुढच्या वर्षी पक्का दोरा आण."

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी होस्टेल काढलं. तो काळच तसा होता. भूकंपानंतर घरंदारं पुन्हा उभी राहत होती, आणि त्याच्या मागोमाग लातुरात क्लासेसची लाट आली. ज्याच्याकडं रिकामी खोली होती त्यानं त्यात पोरं ठेवली, ज्याच्याकडं मोठी चूल होती त्यानं मेस काढली, आणि ज्याच्याकडं फळा होता त्यानं क्लास काढला. नांदेड, देवणी, औसा, निलंगा, कुठून कुठून ट्रंका घेऊन मुलं एसटीतून उतरत.

त्यातलाच मी एक. बारावीचा क्लास लावायला आलो होतो. निकाल लागला की क्लासवाले चौकाचौकांत मुलांचे फोटो लावत. माझाही फोटो एकदा चौकात लागला होता. पण तो, निकालाच्या दिवशी मी घरीच गेलो नाही म्हणून, वडिलांनी लावला होता आणि त्याखाली "कोणास आढळल्यास" असं लिहिलेलं होतं. दुसऱ्यांदा आपटलो तेव्हा मी पुस्तकं बांधून ठेवली आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं पत्र्याचं दुकान टाकलं. ते नेमकं बाईंच्या होस्टेलच्या फाटकाला लागून.

दुकानावर मी स्वतःच्या हातानं रंगवलेला कापडी फलक लावला: 'येथे रेडिओ, टीव्ही, मिक्सर खात्रीने दुरुस्त करून मिळतील.' बाईंनी तो येताजाता दोन दिवस पाहिला आणि तिसऱ्या दिवशी मी जेवायला गेलो असताना काढून धुतला. वाळला तेव्हा त्यावर 'येथे' एवढंच उरलं होतं. पुढं कित्येक महिने माझ्या दुकानावर तेवढाच फलक होता. गिऱ्हाइकं विचारत, "येथे काय?" बाई आतून ओरडून सांगत, "येथे सुध्या!"

सुध्या म्हणजे मी.

अशा या बाईंच्या होस्टेलात सारिका आली. औशाकडच्या एका पुनर्वसनाच्या गावची, शेतकऱ्याची पोर. हुशार, मोजकं बोलणारी, दोन वेण्या घट्ट आवळून घालणारी. भूकंपात ती लहान होती. घर अंगावर आलं, आणि लोकांनी दगडमाती उपसून तिला वर काढेपर्यंत ती अंधारात पडून होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पण लातुरात तेव्हा लोडशेडिंग रोजचं, आणि दिवे गेले की ही पोर वळकटी उचलून सरळ फाटकाबाहेरच्या पायरीवर जाऊन बसे. गावाकडं ती सगळी अंगणातच झोपत, उशाशी कंदील ठेवून. इथं वर स्लॅब, खाली अंधार. रात्रभर जागी, आणि दिवसा क्लासच्या बाकावर डुलक्या. पहिल्या चाचणीत तिचा नंबर खालून मोजायची वेळ आली.

बाईंनी तिला समोर बसवून विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाई, तव्हा डोळे उघडे हायेत का मिटलेत तेच कळत नव्हतं. हात डोळ्यापुढं धरला तरी दिसंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या दुकानात आल्या. स्टूल झटकून बसल्या. कंदील, मेणबत्ती, बॅटरी या सगळ्यांचा विचार करून झाला होता. गाद्यांच्या खोलीत आग नको. बॅटरी झोपेत हातातून सुटते, घरंगळत खाटेखाली जाते, आणि मग ती शोधायलाही बॅटरी लागते.

"सुध्या, तिला खोली दिसायला नको," बाई म्हणाल्या. "डोळे उघडले की स्वतःचा हात दिसला पाहिजे. बस. अंगातल्या कपड्यातच बसव काहीतरी. कपडा कुठं घरंगळत न्हाई."

"होईल की बाई, त्यात काय!" मी म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या एकूण एक फजित्या याच वाक्यानं सुरू झालेल्या आहेत.

बाईंनी तिला झोपायला फुलाफुलांचा, लांब बाह्यांचा सुती झब्बा शिवला. मी बाहीच्या टोकाला, आतल्या बाजूनं, ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा बसवला. टेपरेकॉर्डरवर लुकलुकतो तसला. त्याचा उजेड फक्त तळहातावर पडे. गळ्याजवळ कापडी पाकिटात दोन सेल, आणि तिथून खांद्यावरून बाहीत उतरणारी वायर. काम संध्याकाळच्या आत झालं. मी इतका खूश, की दुसऱ्या दिवशी सकाळी शाबासकी घ्यायला भांग पाडून होस्टेलच्या फाटकात उभा राहिलो.

बाई बाहेर आल्या त्या कंबरेवर हात ठेवून. माझ्याकडं लाल रंगाचे दिवे भरपूर होते, म्हणून मी लाल लावला होता. पोरीनं अंधारात डोळे उघडले, लालभडक हात पाहिला आणि किंचाळली. ती किंचाळली म्हणून बाकीच्या किंचाळल्या. आणि भूकंप पाहिलेलं गाव ते. किंकाळी ऐकून शेजारची अख्खी गल्ली अंथरुणं टाकून मैदानात येऊन बसली होती.

"हात दाखव म्हणाले होते मी," बाई म्हणाल्या. "खून झालेला हात न्हाई."

मग हिरवा लावला. हिरवा मात्र लागू पडला. सारिका खोलीत झोपली. दुसऱ्या रात्रीही झोपली. तिसऱ्या सकाळी तिनं भाजी परत मागून घेतली, आणि बाई मला बोलावून म्हणाल्या, "आता धुवायला टाकू."

मी ओरडलोच. "बाई, हा धुवायचा नाही! यात वायरी आहेत."

"मग काय करायचं?"

"जपून वापरायचा. मळला तर ओल्या फडक्यानं पुसायचा."

"अरे, अंगात घालून झोपायचा कपडा आहे तो. देवाची मूर्ती हाय का, पुसून घ्यायला?" बाईंनी झब्बा बोळा करून धुण्यात टाकला. होस्टेलचं धुणं करायला येणाऱ्या गयाबाईंनी तो इतर कपड्यांसारखाच दगडावर आपटला, पिळला आणि तारेवर टाकला.

त्या रात्री दिवे गेले आणि बाहीतला दिवा लागला नाही.

सकाळी सारिका फाटकात ट्रंकेवर बसलेली होती. केस विंचरलेले, चपला घातलेल्या. औशाच्या गाडीची वाट बघत होती. मी दुकान उघडत होतो. पण बाई बाहेर आल्या तेव्हा माझा हात कुलपावर तसाच राहिला.

"कुठं निघालीस गं?"

"गावाकडं, बाई. मला न्हाई जमायचं."

"आणि तिथं जाऊन?"

"दादा सोयरीक बघायलेत. करतील कुठं तरी."

"तुला करायचीय?"

ती नखानं ट्रंकेचा रंग खरवडत राहिली. मग म्हणाली, "दिवाच नसता तर मी बाहीर जाऊन बसले असते बाई. पण हाय म्हणून झोपले, आन् नव्हता."

मला वाटलं होतं बाई माझ्यावर तुटून पडतील. त्या ट्रंकेच्या दुसऱ्या टोकावर बसल्या. "चूक झाली," म्हणाल्या. "हे पोरगं शहाणं न्हाई, पण मीही घाई केली. मला थोडी मुदत दे. धुतला, आपटला, पिळला तरी विझणार न्हाई असा करून देईन, तव्हाच तुझ्या अंगात घालीन. तोवर माझी खाट तुझ्या खाटेला लावते. हात दिसला न्हाई तर माझा धर."

गाडी आली, थांबली, गेली. मग दोघींनी मिळून ट्रंक आत नेली. जाताजाता बाईंनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं, आणि तेव्हापासून माझं दुकान माझं राहिलं नाही.

बाई दर खेपेला नवा झब्बा शिवून देत. मी जाडी वायर लावली. ती धुण्यात मोडली. बारीक लावली, तीही मोडली. मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार लावली, तिला पिळताना अशी गाठ बसली की बाही कोपरात दुमडलेलीच राहिली. बाईही काही कमी नव्हत्या. पाणी आत शिरू नये म्हणून त्यांनी सगळ्या जोडांवर मेण ओतलं, आणि मग सवयीनं झब्ब्याला इस्त्री फिरवली. मेण सगळीकडं पसरलं, झब्ब्यावर जिल्ह्याचा नकाशा उमटला. मी तोंड दाबून हसत होतो.

"हसायला काय झालं? इस्त्री जरा जास्तच गरम होती," बाई म्हणाल्या, आणि नकाशाकडं निरखून बघत पुढं, "हे बघ, ही देवणी."

मग बाईंना साडीच्या काठातली जर आठवली. कापडात पूर्वापार धातूचा एकच दोरा असतो, आणि तो घडी घातली, धुतलं तरी मोडत नाही. त्यांनी आपल्या लग्नातल्या फाटलेल्या साडीचा काठ आणला. मी मीटरच्या दोन सुया जरीला टेकवल्या. काटा सणसणीत उडाला. जरीतून वीज जात होती! मी इतक्या जोरात ओरडलो की वरच्या मजल्यावरच्या मुली जिन्यात आल्या. मग त्यांनी आपापल्या ओढण्यांची जर तपासून घेतली. काटा ढिम्म. नव्या जरीत धातू नसतोच, नुसतं चकचकीत प्लॅस्टिक.

इथंच थांबलो असतो तर मी शहाणा. पण ही बातमी गल्लीत गेली की सुध्याच्या मीटरवर खरी-खोटी जर कळते. दुसऱ्या दिवसापासून दुकानापुढं बायका पेटीतल्या साड्या घेऊन उभ्या. मी आपला सुया टेकवतोय आणि न्यायाधीशासारखा निकाल देतोय: "खरी. खोटी. खोटी. खरी." त्या गर्दीत माझी मावशीही आली. सासूनं लग्नात घातलेला शालू घेऊन, आणि दुर्दैवानं सासूलाही बरोबर घेऊन. मी सुया टेकवल्या. काटा हलला नाही. "खोटी!" मी मोठ्यानं पुकारलं. मला वाटलं, विज्ञान आहे, त्यात नातं कशाला बघायचं.

मावशीनं हळूच सासूकडं पाहिलं. सासूनं माझ्याकडं. पुढं दिवाळीपर्यंत मला मावशीच्या घरी जेवायला बोलावणं आलं नाही. गेलो असतो तर काय वाढलं असतं तेही ठाऊक होतं.

"तुला मीटर वाचता येतं, माणसं न्हाई," बाई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

जर मिळाली, पण ती दिव्याला जोडायची कशी? मी नेहमीच्या सवयीनं कथील वितळवायचं सोल्डरिंग टेकवलं. आतला रेशमाचा दोरा भुर्रकन जळाला आणि बाहीला रुपयाएवढं भोक पडलं. बाईंनी माझ्या हातातून ते तापलेलं अवजार काढून बाजूला ठेवलं. मग मी दिव्याचे दोन्ही पाय चिमट्यानं गोल वळवले, आणि बाईंनी ते मणी टाचतात तसे जरीच्याच टाक्यांनी घट्ट शिवून टाकले. आम्ही प्लसची जर बाहीच्या एका शिवणीत घातली आणि मायनसची बरीच लांब, दुसऱ्या शिवणीत. दोन्हींवर सुती पट्टी. पिळलं तरी एकमेकींना शिवायला नकोत.

तरी तो धुण्यात विझायचाच. जोडावर मी दोन नळ्यांचं मिसळून लावायचं, दगडासारखं घट्ट होणारं चिकटवण लावत होतो. एकदा मी भिंग घेऊन बसलो आणि मेलेले सगळे झब्बे शेजारी शेजारी मांडले. सगळे एकाच जागी तुटले होते. दिव्याजवळ नाही, मधे नाही. जिथं कडक चिकटवण संपतं आणि मऊ कापड सुरू होतं, नेमक्या त्या रेषेवर.

बाईंनी भिंगातून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अय्यो! मी पोरींना बटन लावायला काय शिकवत होते रे? बटन कापडाला आवळायचं न्हाई. खाली दोऱ्याची मान ठेवायची, म्हणजे ते हलतं पण तुटत न्हाई. आपण याला मानच ठेवली न्हाई!"

मग चिकटवण गेलं आणि त्या जागी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आलं, रबरासारखं लवचीक राहणारं. त्यावर ट्यूबचा पातळ तुकडा. आणि दोन्ही बाजूंना जर ताठ न शिवता नागमोडी, ढिली. कापड ओढलं तर तिला जायला जागा.

आता खरी परीक्षा. बाईंचं म्हणणं, नुसता धुऊन भागणार नाही, घामही पाहिजे. आणि तो सारिकाच्या अंगावर पारखायचा नाही. तिला आता फक्त झालेलं दाखवायचं. "मग कुणाच्या?" मी विचारलं, आणि विचारताक्षणीच कळलं.

त्या उन्हाळ्यागत तापलेल्या ऑक्टोबरमध्ये मी फुलाफुलांचा झब्बा घालून दुकानात बसलो. क्लास सुटले की पोरांचे घोळके थांबून बघत. एकानं विचारलं, "काका, ड्रेस क्लासकडून मिळाला का?" एक गिऱ्हाईक मिक्सर न ठेवताच परत गेलं. संध्याकाळी मी तो घालूनच नळाखाली आंघोळ केली, सेलसकट. आणि दुसऱ्या दिवशी जर हिरवीगार पडली होती. चालू वीज आणि साबणाचं पाणी एकत्र आलं की धातू खाल्ला जातो, हे मला त्याआधीही पुस्तकात भेटलं होतं, पण आमची ओळख झाली नव्हती.

म्हणजे धुण्याआधी सेल काढायलाच हवेत. "पाकिटावर लिहून ठेवू," मी म्हणालो.

"लिहिलेलं कोण वाचतं? गयाबाई?" बाई विचारात पडल्या. मग एकदम उठून त्यांनी झब्ब्याचा गळा उसवला आणि अरुंद केला. सेलचं पाकीटच त्यांनी गळ्याच्या फटीवर आडवं बसवलं, दोन टिचबटनांवर. तेच पाकीट गळा बंद करणार आणि त्याच टिचबटनांतून वीज जाणार. आता ते टचकन् ओढून काढल्याशिवाय झब्बा डोक्यातून निघणारच नाही. विसरायची सोयच ठेवली नाही बाईंनी. माझी भर एवढीच, की प्लसचं टिचबटन मोठं घेतलं आणि मायनसचं बारकं, म्हणजे उलटं लागायला नको.

तो झब्बा बाईंनी गयाबाईंच्या हवाली केला. "गया, तुझ्या मनात ज्याच्यावर राग असेल त्याचं नाव घे आणि आपट." गयाबाईंनी कुणाचं नाव घेतलं ठाऊक नाही, पण दगड हलत होता. पिळला, झटकला, उन्हात कडक वाळवला. पुन्हा धुतला. पुन्हा. मुली मधल्या सुट्टीत धावत येऊन बघून जायच्या. दर वेळी बाई झब्बा डोक्यावरून पदरासारखा पांघरून आत अंधार करायच्या, बटन लावायच्या आणि आतूनच ओरडायच्या, "हाय!"

शेवटी त्यांनी तो सारिकाच्या हातात दिला. सारिकानं तो आधी उलटा करून सगळ्या शिवणी पाहिल्या. मग आत जाऊन बादलीत बुडवला, चोळला, वाळत घातला आणि वाळेपर्यंत तारेखाली पुस्तक घेऊन बसून राहिली. वाळल्यावर बटन लावून पाहिलं, तेव्हा कुठं म्हणाली, "बाई, आजपासून तुमची खाट तुमच्या जागी न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांग न पाडताच फाटकाशी गेलो. बाई तुळशीला पाणी घालत होत्या. "झोपली?" मी विचारलं. "उठली कुठाय अजून!" बाई म्हणाल्या. त्या दिवशी सारिकाचा सकाळचा क्लास बुडाला आणि बाईंनी तो बुडू दिला.

मला वाटलं, सुटलो. पण बाई मला सोडायला तयार नव्हत्या. हिवाळाभर दर धुण्यानंतर झब्बा माझ्याकडं येई. पाकीट सारिकापाशीच राही; मी माझ्याकडचे सेल लावून तपासायचो. "बाही झिजायलीय, जर बदल." "टिचबटन सैल वाटतंय." एकदा तर, "उजेड जरा पिवळट झालाय का रे?" मी करत राहिलो. एरवी मी आयुष्यात कुठलंही काम शेवटपर्यंत नेलं नव्हतं. हे न्यावंच लागलं, कारण बाई दुकानाच्या दारात उभ्या असत, आणि दिवा एकदा जरी विझला तरी ट्रंक फाटकात येणार, हे माझ्या डोळ्यांपुढं असे. रोज रात्री निजायच्या आधी अभ्यासाच्या खोलीतून फेरी मारताना बाई सारिकाच्या गळ्याशी हात नेऊन दोन बोटांनी पाकीट दाबून बघायच्या. सेल आहेत ना. मग पुढं जायच्या.

सारिकाचा नंबर नांदेडला मेडिकलला लागला. तिचा फोटो चौकात लागला तेव्हा बाईंनी मला चार वेळा तो बघायला पाठवलं. जायच्या दिवशी तिचे वडील, म्हणजे दादा, जीप घेऊन आले. पेढे झाले, पाया पडणं झालं, सगळ्या मुली रडल्या, आणि जीप गेल्यावर लक्षात आलं की झब्बा तारेवरच आहे. धुतलेला, पाकीट शेजारी चिमट्यानं लावलेलं.

"विसरली," मी म्हणालो.

"ठेव दुकानात. कुणाला तरी लागेल," बाई म्हणाल्या.

मी सेल काढायला पाकीट उघडलं. एक सेल निघाला. दुसरा सेल नव्हता. त्या जागी वहीच्या कागदात गुंडाळलेला, बरोबर सेलच्या मापाचा खडूचा तुकडा होता.

एका सेलवर तो दिवा लागूच शकत नाही. म्हणजे पोर अंधारात झोपत होती? किती दिवस? आपला झब्बा बंद पडला आणि बिचारीनं भिडेपोटी सांगितलं नाही? मी खडू मुठीत घेऊन आत पळालो. बाई मेथी निवडत होत्या.

"बाई, घात झाला! हे बघा, सेलच नाही. खडू आहे!"

बाईंनी खडूकडं बघितलंही नाही. "कोजागिरीच्या पुढं कधीतरीपासून आहे तो," म्हणाल्या. "तिच्या घड्याळातला सेल संपला होता. पहाटेचा गजर हवा होता पोरीला. यातला काढून त्यात घातला."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"दाबून बघितलं की कागदातून, कापडातून भुकटी झिरपून बोटाला पांढरं लागायचं. माझी सगळी हयात शाळेत गेली सुध्या, खडू मला कळत न्हाई होय?"

"आणि दिवे जायचे तेव्हा?"

"तेव्हा मी दारात जाऊन बघायची. घोरायची की! दिवा न्हाई, हात न्हाई, काही न्हाई. भिंतीकडं तोंड करून घोरायची."

मी तिथंच जमिनीवर बसलो. "मग तिनं खडू कशाला घातला?"

"आपलं मन मोडू नये म्हणून. म्हातारी रोज दाबून बघते, एवढा खटाटोप केलाय, तिला कसं सांगू, आता मला हा लागत न्हाई म्हणून. म्हणून रोज अंगात घालायची, आणि मी रोज दाबायची."

"ते असू द्या," मी म्हणालो, आणि आता मला खरोखर राग येत होता, "पण मग मला हिवाळाभर का पळवलंत? जर बदल, बटन बदल! तो तर कुणी वापरतच नव्हतं!"

बाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग त्या इतक्या हसल्या की मेथी, सूप, मी, सगळं त्यांना दिसेनासं झालं. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "पुढच्या जूनला दुसरी येईल रे. तिच्या अंगावर पहिल्याच रात्री विझला असता तर?"

जूनमध्ये खरंच दुसरी आली. निलंग्याकडची. मग तिसरी. तिनंही झब्बा घातला आणि तिनंही तो एक दिवस तारेवर ठेवून दिला. पुढं मी तेच काम धरलं. नाटकवाल्यांचे लुकलुकणारे अंगरखे, रात्रपाळीच्या रखवालदारांची जाकिटं, सगळं कपड्यासारखं धुता येणारं. माझ्या दुकानावर आता पत्र्याचा फलक आहे.

त्या दिवशी मी बाईंना म्हणालो होतो, "नांदेडला फोन लावून सांगतो तिला, की तुझं सोंग बाईंना केव्हाच कळलं होतं."

"खबरदार!" बाई एकदम गंभीर झाल्या. "म्हातारीला कसं फसवलं म्हणून पोरगी जीपमध्ये हसत असंल आत्ता. हसू दे."

म्हणून मी कधी सांगितलं नाही. बाई गेल्या तेव्हा सारिका, आता डॉक्टर झालेली, स्वतःचे पेशंट सोडून नांदेडहून आली होती. बाईंच्या पायाशी बसून ती हळूच माझ्या कानात म्हणाली, "सुधाकरदादा, तुम्हाला एक गंमत सांगू? बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही." मी डोळे मोठे करून "काय सांगतेस!" म्हणालो, आणि खडूची सगळी गोष्ट पहिल्यांदाच ऐकावी तशी ऐकून घेतली.

हे छापून आलं की ती वाचणार. वाच, सारिका. हास.